‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ : हातावरचे जंतू मोजण्याचा इतिहास



विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस हँड सॅनिटायझरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. कुठलं सॅनिटायझर घ्यावं, हे मी सांगणार नाही. मी बोलणार आहे ते पुराव्याबद्दल. ‘जंतू मेले’ हे वाक्य आपण कशाच्या आधारावर म्हणतो, आणि तो आधार पक्का व्हायला माणसांना किती वर्षं लागली, हा आजचा विषय.

सुरुवात एका साध्या प्रयोगापासून करू. कोरोनाच्या साथीनंतर हा प्रयोग शाळा-कॉलेजांमध्ये बराच होऊ लागला. पेट्री डिश घ्यायची. तिच्यात अगरचं माध्यम ओतायचं. अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ज्याला चायना ग्रास म्हणतात तेच. एका डिशवर न धुतलेलं बोट टेकवायचं, दुसरीवर सॅनिटायझर चोळलेलं. दोन्ही डिश दोन दिवस उबेत ठेवायच्या. पहिल्या डिशमध्ये पांढरे-पिवळे ठिपके उगवतात. त्यांना वसाहती किंवा कॉलनी म्हणतात. दुसरी डिश कोरी, किंवा जवळजवळ कोरी. मग तक्त्यावर लिहायचं : ‘सॅनिटायझरने ९९ टक्के जिवाणू मरतात.’

पण काही मुलांच्या बाबतीत भलतंच होतं. साबणाने हात घासून धुतल्यावर ठिपके कमी होण्याऐवजी वाढतात. किंवा अल्कोहोलचं चांगलं सॅनिटायझर कागदाच्या चकतीवर घेऊन डिशमध्ये ठेवलं, तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ जवळजवळ उमटतच नाही, आणि कुठल्यातरी बिनअल्कोहोलच्या द्रावणाभोवती मात्र ऐसपैस उमटतं. अशा वेळी मुलगी घाबरते. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. ती डिश बाजूला सारली जाते, प्रदर्शनात ‘बरोबर आलेली’ डिश मांडली जाते. ही बाजूला सारलेली डिश मला जास्त महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी एक जुनी चर्चा आठवू. आपल्याकडे मीमांसक आणि वेदान्ती यांनी ‘अनुपलब्धी’ नावाच्या प्रमाणाचा विचार केला. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही, म्हणून. पण थांबा. खोलीत अंधार असेल तर? अंधारातही घडा दिसत नाहीच. मग तो नाही असं म्हणायचं का? किंवा पिशाच घ्या. पिशाच दिसत नाही, पण ते असलं तरी दिसणार नाही अशीच त्याची ख्याती आहे. त्यामुळे न दिसण्यावरून त्याच्या नसण्याबद्दल काहीच सांगता येत नाही. म्हणून कुमारिल भट्टांच्या परंपरेने अट घातली ती योग्यतेची. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तरच न दिसणं हा नसण्याचा पुरावा. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अनुपलब्धीला वेगळं प्रमाण मानायचं की नाही, यावर नैयायिकांनी भरपूर वाद घातला, पण ही योग्यतेची अट त्यांनाही मान्य होती.

आता कोरी डिश समोर ठेवा. तिच्यात ठिपका दिसत नाही. प्रश्न एवढाच : जिवाणू जिवंत असता तर तो या डिशमध्ये उगवलाच असता का? एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातला हा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याची धडपड आहे.

गोष्ट व्हिएन्नापासून सुरू होते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इग्नाझ सेमेलवाइस हे नाव माहीत असतं, कारण कार्ल हेम्पेल यांनी निसर्गविज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरच्या आपल्या १९६६ च्या छोट्या पुस्तकात त्याचं उदाहरण अगदी सुरुवातीला घेतलं आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांमागे ४५९ बायका दगावल्या, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त. दुसऱ्यात ३,७५४ मागे १०५, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. एकच इमारत, एकच शहर. बाळंतज्वर एका दाराआड चौपट का?

१८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइसचा सहकारी कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याला लागली होती, आणि त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारखेच होते. सेमेलवाइसने दुवा जुळवला : विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतीच्या खोलीत येतात, हातांवर प्रेताचे कण घेऊन. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने, पुढे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने, हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ साली पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण १.२७ टक्के झालं. दुसऱ्या विभागात ते १.३३ होतं.

इथे मोजमापाकडे नीट बघा. त्याने क्लोरीन का निवडलं? हाताचा प्रेतासारखा वास साबणाने जात नव्हता, क्लोरीनने जात होता. म्हणजे हात स्वच्छ झाला की नाही, याची त्याची कसोटी होती नाक. वास नाही म्हणजे कण नाहीत. ही अनुपलब्धीच झाली, पण योग्यतेची खात्री नसलेली. हे त्याला लवकरच कळलं. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाचा सडलेला कर्करोग असलेली एक बाई दाखल झाली. तिची तपासणी करून डॉक्टरांनी पुढच्या खाटांकडे जाताना हात फक्त साबणाने धुतले. त्या बारा बायकांपैकी अकरा दगावल्या. शवागाराचा यात संबंधच नव्हता. त्यानंतर प्रत्येक तपासणीआधी क्लोरीन, असा नियम झाला.

त्याचं खरं मोजमाप होतं ते मृत्यूंचं. त्याच्यापाशी जिवाणूंची कल्पना नव्हती, डिश नव्हती, काही नव्हतं. त्याने आयांचे मृत्यू मोजले. हे मोजमाप सगळ्यात खरं आणि सगळ्यात महाग. एखादं द्रावण निकामी आहे हे कळायला माणसं मरावी लागतात. म्हणून पुढच्या पिढीला मधला काहीतरी मापदंड हवा होता : माणसाला धोका न देता, टेबलावर, चार दिवसांत उत्तर देणारा.

तो रॉबर्ट कॉखने दिला. १८८१ साली जंतुनाशनावरचा त्याचा मोठा निबंध बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत सुरेख होती. रेशमाच्या धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू वाळवायचे. बीजाणू म्हणजे जिवाणूचं चिवट कवचातलं रूप. धागे जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडवायचे, काढून धुवायचे आणि जिलेटिनच्या माध्यमावर ठेवायचे. वाढ झाली तर जिवंत, नाही तर मेलेले. या चाचणीत अनेक नावाजलेली औषधं नापास झाली. तेलात मिसळलेलं कार्बोलिक कुचकामी निघालं. अल्कोहोलमध्ये दीर्घकाळ ठेवूनही बीजाणू जिवंत राहिले. आजही ते खरं आहे, अल्कोहोल बीजाणूंना मारत नाही. आणि मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा एक जहाल क्षार, हजारात एक भाग इतका पातळ असूनही काही मिनिटांत बीजाणू मारतो असं दिसलं. तो जंतुनाशकांचा राजा ठरला. जगभर शस्त्रक्रियेआधी हात त्यात बुडू लागले.

गंमत म्हणजे कॉखला एक भेद चांगला ठाऊक होता. वाढ थांबणं वेगळं आणि मरणं वेगळं. मर्क्युरिक क्लोराइडचा अगदी नगण्य अंशही बीजाणूंची वाढ अडवतो, हे त्यानेच दाखवलं होतं. पण धागा धुतला की तो अंश जातो, असं गृहीत धरलं गेलं.

१८८९ साली युलियस गेपर्टने नेमकं या गृहीतकावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की पारा बीजाणूला चिकटून बसतो, नुसत्या पाण्याने जात नाही. तो धाग्याबरोबर माध्यमावर येतो आणि तिथे वाढ दाबून ठेवतो. बीजाणू मेलेला नाही, त्याचा गळा धरलेला आहे. मग त्याने द्रावणात अमोनियम सल्फाइड घातलं. त्यामुळे पाऱ्याचा न विरघळणारा सल्फाइड बनतो आणि त्याचा जोर संपतो. आणि बघा, काही मिनिटांत मेले असं मानलेले बीजाणू त्याहून कितीतरी जास्त वेळ पाऱ्यात राहूनही उगवले. ‘मेलेल्या’ बीजाणूंनी प्राण्यांना रोगही दिला.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हा आहे. गेपर्टने नवं औषध शोधलं नाही. त्याने खोलीत दिवा लावला. जिवंत असता तर दिसला असता, ही योग्यता कॉखच्या डिशला नव्हती, ती त्याने निर्माण केली. तेव्हापासून जंतुनाशकाची कुठलीही गंभीर चाचणी असो, ठरलेल्या वेळी औषधाचा जोर तोडणारा पदार्थ वापरावाच लागतो, आणि तो तोडणारा पदार्थ स्वतः जिवाणूंना मारत नाही हेही दाखवावं लागतं. आणि सात-आठ वर्षं जगाने कोऱ्या धाग्यांवर भरवसा ठेवून शस्त्रक्रिया केल्या, हेही लक्षात ठेवा.

पुढचं पाऊल मोजण्याचं. १८९७ साली लाइपझिगमध्ये क्रोनिग आणि पाउल या जोडीने बीजाणू रेशमाऐवजी गार्नेटच्या खड्यांवर वाळवले, म्हणजे औषध धाग्यात मुरण्याचा प्रश्न मिटला. आणि ‘वाढलं की नाही’ एवढंच न बघता किती वाचले ते मोजलं. मग १९०८ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांनी जंतुनाशनाचा नियम मांडला. जिवाणू ठरावीक क्षणी सगळे एकदम मरत नाहीत. जेवढे उरले आहेत त्यांचा ठरावीक हिस्सा दर मिनिटाला मरतो. समजा मिनिटाला ९० टक्के मरतात. दहा लाखांचे एक लाख, लाखाचे दहा हजार, त्यांचे एक हजार. प्रत्यक्षात हा नियम नेहमी इतका सरळ चालत नाही, पण त्यातला विचार पक्का आहे : शून्यावर पोचल्याचा ठाम क्षण या हिशेबात कुठे येतच नाही.

आता बाटलीवरचा ‘९९.९ टक्के’ हा आकडा वाचा. दहा लाखांतून ९९.९ टक्के गेले तर उरले एक हजार. हजारातून गेले तर उरला एक. टक्का तोच, उरलेले वेगळे. सुरुवातीला किती होते, कोणते होते, किती वेळ दिला, काचेवर की माणसाच्या हातावर, हे न सांगता दिलेला टक्का म्हणजे भाव न सांगता दिलेली सूट. शास्त्रज्ञ म्हणूनच किती पट घटले ते सांगतात : दहापट, शंभरपट, हजारपट.

बाजाराला एक आकडा आवडतो, हे तेव्हाही खरं होतं. १९०३ साली रिडील आणि वॉकर यांनी जंतुनाशकाची ताकद फिनॉलशी, म्हणजेच कार्बोलिकशी, तुलना करून एका अंकात सांगण्याची पद्धत काढली. व्यापाऱ्यांना ती फार सोयीची झाली. पण चाचणी स्वच्छ द्रवात होती, आणि जंतुनाशक वापरायचं असतं घाणीत. म्हणून चिक आणि त्यांचे सहकारी मार्टिन यांनी १९०८ सालीच चाचणीत मुद्दाम विष्ठेचा अंश मिसळला. बड्या अंकांची काही औषधं तिथे बरीच खाली आली.

मापदंड बरोबर असूनही प्रश्न चुकीचा असू शकतो, याचं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग उघडकीला आला. घरंच्या घरं कार्बोलिक आणि त्याच मर्क्युरिक क्लोराइडने धुतली गेली. प्लेगचा जिवाणू त्या द्रावणांनी मरतो, हे प्रयोगशाळेत खरंच होतं. पण रोग भिंतींवरून येत नव्हता. उंदरांवरच्या पिसवांमधून येत होता. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत ते दाखवलं, आणि परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामाने ते पक्कं झालं. म्हणजे डिशने दिलेलं उत्तर खरं होतं, पण जो प्रश्न विचारायला हवा होता तो डिशला कुणी विचारलाच नव्हता. सेमेलवाइसच्या मृत्यूंच्या वहीला म्हणूनच पर्याय नाही. मधला मापदंड अधूनमधून तिच्याशी ताडून बघावा लागतो.

आता हाताकडे येऊ, आणि त्या घाबरलेल्या मुलीकडे. १९३८ साली फिलिप प्राइस या अमेरिकन शल्यचिकित्सकाने हातावरच्या जिवाणूंचे दोन गट सांगितले. काही पाहुणे : दरवाजाच्या कडीवरून, रुग्णाच्या अंगावरून आलेले, वरवर बसलेले. काही रहिवासी : त्वचेच्या थरांत, केसांच्या मुळाशी कायमचे राहणारे, बहुतेक निरुपद्रवी. त्याने निर्जंतुक पाण्याच्या एकामागून एक घमेल्यांत हात घासून धुतले आणि प्रत्येक घमेल्यातले जिवाणू मोजले. पाहुणे लवकर जातात, रहिवासी येतच राहतात.

म्हणजे साबणाने घासल्यावर ठिपके वाढले तर त्यात अजब काही नाही. घासल्यामुळे त्वचेचे सुटे पापुद्रे निघतात आणि त्यांच्याबरोबर रहिवासी वर येतात. साबण निकामी नाही. पाहुणे गेलेले असू शकतात. फक्त तिची डिश पाहुणा आणि रहिवासी यांत फरक करत नाही, सगळ्यांना ठिपकाच म्हणते.

आणि ती कागदाची चकती? ती पद्धत प्रतिजैविकांसाठी चांगली, कारण ती औषधं माध्यमात हळूहळू पसरतात आणि टिकतात. अल्कोहोल उडून जातं. हातावर ते अर्ध्या मिनिटात काम करतं, पण चोवीस तास तिथे बसून वाढ अडवत नाही. उलट बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेलं द्रावण माध्यमात टिकून राहतं आणि वाढ दाबतं. म्हणजे मोठं वर्तुळ कदाचित नुसतं दाबणं दाखवतंय. कॉखचा पाराच नव्या बाटलीत! मुलीच्या हाताने काही चूक केली नव्हती. तिच्या डिशने १८८९ चा आणि १९३८ चा धडा एका आठवड्यात पुन्हा शिकवला होता, आणि आपण ती डिश टेबलाखाली ठेवली.

मग हा प्रयोग नीट कसा करायचा? युरोपात हात चोळण्याच्या द्रावणांसाठी जी प्रमाण चाचणी आहे तिच्याकडून शिकता येतं. तिथे स्वयंसेवकांच्या बोटांवर आधी निरुपद्रवी प्रकारचा ई. कोलाय मुद्दाम लावतात, म्हणजे सुरुवातीची संख्या कळते आणि मोजायचा पाहुणा ठरलेला असतो. मग बोटांची टोकं द्रवात चोळून जिवाणू उतरवतात आणि मोजतात. सॅनिटायझरनंतर ज्या द्रवात उतरवतात त्यात औषधाचा जोर तोडणारे पदार्थ असतात. आणि नवं द्रावण कुठल्या हवेतल्या टक्क्याशी ताडत नाहीत. त्याच माणसांच्या हातांवर ६० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चोळतात आणि त्याच्याशी तुलना करतात. त्याहून कमी पडलं तर नापास.

शाळेत जिवाणू हातावर लावायचे नाहीत, हे स्पष्ट सांगतो. उगवलेली डिश उघडायची नाही, कडेने चिकटपट्टी लावायची, आणि शेवटी शिक्षकांनी ती निर्जंतुक करूनच टाकायची. पण विचार तोच ठेवता येतो. एक डिश कशालाच न लावलेली, माध्यम मुळात स्वच्छ आहे का बघायला. एक नुसत्या पाण्याने चोळलेल्या बोटाची, कारण चोळण्यानेही जिवाणू जातात. आधी-नंतरसाठी एकच बोट दोनदा टेकवायचं नाही, कारण पहिल्या ठशातच काही निघून जातात. एकाचा डावा हात आधी तर दुसऱ्याचा उजवा, असं आलटून पालटून करायचं. एका मुलावर थांबायचं नाही. ठिपके इतके दाट आले की एकमेकांत मिसळलेत, तर ‘मोजता येत नाहीत’ असं लिहायचं, अंदाजाने शंभर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची डिश ही : कोऱ्या आलेल्या माध्यमावरच, सॅनिटायझर लागलेल्या त्याच जागी, प्रयोगशाळेतला एखादा निरुपद्रवी जिवाणू शिक्षकांनी मोजका सोडायचा. तो उगवला तर कोऱ्या डिशवर विश्वास ठेवा. नाही उगवला, तर तुम्ही अंधाऱ्या खोलीत घडा शोधत होता.

आता कुणी म्हणेल, सर, एवढ्या शंका काढल्यावर सॅनिटायझरवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा. पाणी मिसळलेलं, साधारण ६० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल हातावरच्या पाहुण्यांना झपाट्याने मारतं. एवढ्या सगळ्या शंकांतून ते पार पडलं आहे, म्हणूनच हे म्हणता येतं. शुद्ध अल्कोहोल कमी चालतं, कारण जिवाणूची प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, तेही हातासाठी नव्हे, तर बाटलीत शिरलेल्या बीजाणूंसाठी. अल्कोहोल त्यांना मारत नाही, हे कॉखचं निरीक्षण त्या कृतीत आजही जिवंत आहे. आणि शेवटचा ताळा पुन्हा रुग्णालयाच्या वहीत झाला. जिनिव्हात दिदिए पिते आणि सहकाऱ्यांनी खाटांजवळ अल्कोहोल ठेवून मोहीम चालवली. १९९४ ते १९९७ मध्ये हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि त्याच काळात रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. सेमेलवाइसच्या मृत्यूंच्या वहीला दीडशे वर्षांनी मिळालेला हा दुजोरा आहे.

सेमेलवाइस स्वतः १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात वारला. त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांनाही आपण शंकाच घेतोय असं वाटत होतं. पण त्यांच्या शंकेने एकही नवा प्रयोग सुचवला नाही. गेपर्टच्या शंकेने सुचवला. शंका-शंकांतला हा फरक विद्यार्थ्यांना शिकवायला हवा. तेव्हा इथे बसलेल्या शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाल तेव्हा ठरलेलं उत्तर आणणाऱ्या तक्त्यापाशी थोडं थांबा आणि विचारा, ‘बाळ, न जमलेल्या डिश कुठे आहेत?’ त्या घेऊन येणाऱ्या मुलाला दोन गुण जास्त द्या.